बघा म्हटलं होतं, न्या नाही

मला सापडलेला सगळ्यात चांगला जीवाश्म, एक मासा, आज माझ्याकडे नाही. तळहाताएवढा होता. शेलची (पापुद्र्यापापुद्र्याने सुटणाऱ्या गाळाच्या खडकाची) पाटी छिन्नीने उकलली, तर दोन्ही बाजूंना उमटलेला: एकीकडे हाडं, दुसरीकडे त्यांचा ठसा. शेपटीतले काटे एकेक मोजता यायचे. त्याआधी दोन वर्षं मी शिंपले आणि अमोनाइटचे (गुंडाळलेल्या शंखाच्या, नामशेष समुद्री प्राण्यांचे) तुकडे गोळा करत होतो, त्यामुळे त्या रात्री झोप लागली नाही. पुढच्या काही महिन्यांत जे झालं त्यानेही लागली नाही, पण ती वेगळी.

गाळाचे खडक कसे ओळखायचे, भिंग डोळ्याशी कसं धरायचं, साध्या हातोडीने दगड का फोडू नये (कपची उडून डोळ्यात जाते) हे तुम्हाला माहीत असणार. दगडावरची नेचाच्या पानासारखी काळी नक्षी बहुधा मँगनीजची असते, वनस्पती नसते, हेही कुणीतरी एव्हाना सांगितलं असेल. मी थेट परवानगीवर येतो, कारण माझा पाय तिथेच अडकला.

ती खाण बंद पडलेली होती. तरी मी रीतसर विचारलं. "आत जाऊन दगड बघितले तर चालेल का?" मालक म्हणाले, "बघा की." मी ते "न्या की" असं ऐकलं. खोटं नाही सांगत, मला खरंच तसं ऐकू आलं. हौशी माणसाच्या कानांचा हा जुना आजार आहे.

मासा घेऊन एका संग्रहालयात गेलो. तिथल्या बाईंनी तो दिव्याखाली धरला, खूश झाल्या, आणि मग म्हणाल्या, "कागद?" मी माझी वही पुढे केली. जागा, थर, तारीख सगळं होतं. त्यांना हवी होती जमीनमालकाची सही. मालकी स्पष्ट नसलेला नमुना त्या दाखल करून घेऊ शकत नव्हत्या. मी सही आणायला गेलो, तर मालक म्हणाले, "अहो, बघा म्हटलं होतं. न्या कधी म्हटलं?" आणि त्यांच्याशी बोलता बोलता कळलं की खाण त्यांची नव्हतीच. त्यांनी ती भाड्याने घेतली होती.

आता हे जरा सावकाश वाचा. आत जायची परवानगी वेगळी. पडलेलं उचलायची वेगळी. हातोडी-छिन्नी चालवायची वेगळी. घरी नेऊन स्वतःकडे ठेवायची वेगळी, विकायची त्याहून वेगळी, आणि देशाबाहेर न्यायची तर पूर्णच वेगळी, ती जमीनमालकाच्या हातातही नसते. एकीत दुसरी येत नाही. शिवाय "हो" म्हणणाऱ्याला "हो" म्हणायचा हक्क आहे का, हा प्रश्न उरतोच. तो विचारताना आपण आगाऊ दिसू असं वाटतं. दिसा.

या एका प्रश्नावर मोठमोठे आपटलेत. 'सू' नावाचा टी. रेक्स या डायनासोरचा सांगाडा १९९० साली अमेरिकेत साउथ डकोटात सापडला. शोधणारे नवशिके नव्हते, तो त्यांचा धंदा होता. त्यांनी जमीनवाल्याला ५,००० डॉलरचा धनादेश दिला आणि सांगाडा नेला. पण ती जमीन सरकारने त्याच्यासाठी विश्वस्त म्हणून धरलेली होती. सरकारच्या संमतीशिवाय त्याला तो विकताच येत नव्हता. १९९२ साली एफबीआय या केंद्रीय तपास यंत्रणेने सांगाडा जप्त केला, कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि १९९७ मध्ये लिलावात तो ८३ लाख डॉलरहून जास्त किमतीला गेला. ज्यांनी तो कष्टाने काढला, त्यांच्याकडे काय राहिलं?

नियम देशोदेशी इतके वेगळे आहेत की एका ठिकाणचं शहाणपण दुसरीकडे गुन्हा ठरतं. अमेरिकेत केंद्राच्या भू-व्यवस्थापन खात्याच्या बहुतेक जमिनीवर शिंपल्यांसारखे साधे अपृष्ठवंशी आणि वनस्पतींचे जीवाश्म स्वतःपुरते, बेताने उचलता येतात. अश्मीभूत, म्हणजे दगड झालेलं लाकूड दिवसाला २५ पौंड वजनाचं आणि वर एक तुकडा, वर्षाला २५० पौंडांपर्यंत. पण पाठीचा कणा असलेल्या प्राण्याचं एक हाडही परवान्याशिवाय नाही, आणि राष्ट्रीय उद्यानात तर काहीच नाही. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात जमीनमालकाच्या संमतीने वर पडलेलं उचललंत तर तुम्ही फक्त राखणदार, मालकी प्रांताची. दक्षिण आफ्रिकेत जीवाश्म सरकारचे, परवान्याशिवाय हात लावायचा नाही. मंगोलियातून चोरून नेलेल्या टार्बोसॉरस या डायनासोरच्या सांगाड्याचा २०१२ साली न्यूयॉर्कमध्ये दहा लाख डॉलरच्या वर लिलाव झाला. पुढच्या वर्षी तो मंगोलियाला परत करावा लागला. म्हणून "खोदलं कुठे, नुसतं पडलेलं होतं" ही सबब खिशातून काढून टाका. काही ठिकाणी ती चालते, पण कुठे चालते हे आधी वाचायचं असतं, नंतर नाही.

घाबरवतोय का? थोडं घाबराच. पण हौशी लोकांना इथे जागा नाही असं मात्र कुणी सांगितलं तर ऐकू नका. १९८३ साली इंग्लंडमध्ये सरे परगण्यातल्या एका मातीच्या खाणीत विल्यम वॉकर या हौशी शोधकाला सुमारे फूटभर लांबीची नखी सापडली. पोटापाण्यासाठी ते प्लंबिंगचं काम करत. त्यांनी ती लंडनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयापर्यंत पोचवली, तज्ज्ञांनी बाकीचा सांगाडा काढला, आणि १९८६ मध्ये त्या डायनासोरला बॅरिओनिक्स वॉकेराय हे नाव मिळालं. नखी कपाटात ठेवली असती तर हे झालं नसतं.

गुरूंबद्दल माझं मत कडवट आहे. "जागा सांगत नाही, पण माल दाखवतो" असे गुरू बरेच भेटतात. त्यांच्या कपाटासमोर उभं राहून आपण फक्त हावरे होतो. त्यापेक्षा जी व्यक्ती पहिल्या दिवशी तुमची वही मागेल, तिला धरून राहा. फोटोवरून ओळख सांगणारी ॲप्स मी वापरतो, पण त्यांना पत्रिका बघणाऱ्यापेक्षा जास्त मान देत नाही. आणि विकतचा, "मूळ ठिकाण: पर्वतरांगा" असलं काही लिहिलेला नमुना घेऊ नका. तो नकली नसला तरी मुका असतो.

नोंद तिथल्या तिथे करा. पिशवीत चिठ्ठी, आणि दगडाच्या मागच्या, साध्या बाजूला तोच क्रमांक. दोन्हीकडे का? पायराइट (लोह आणि गंधकाचं खनिज) असलेला एक अमोनाइट मी दमट कपाटात ठेवला होता. वर्षभराने उघडलं तर गंधकासारखा वास, दगडावर पिवळट भुकटी, आणि खालची चिठ्ठी आम्लाने जळून चाळणी झालेली. अक्षरांपैकी फक्त तारखेचा एक आकडा वाचता येत होता. आता तसले नमुने ओल शोषणाऱ्या सिलिका जेलसोबत हवाबंद डब्यात असतात. आणि झटपट चिकटवणारा गोंद दूर ठेवा. ॲसिटोनमध्ये विरघळवलेलं पॅरालॉइड बी-७२ हे राळेसारखं चिकटद्रव्य वापरा, ते चुकलं तर पुन्हा सोडवता येतं.

माशाचं काय झालं? खऱ्या मालकांनी हाडांची बाजू मागून घेतली. भाडेकरूंनी ठशाची बाजू ठेवली, का ते अजून कळलेलं नाही. मागच्या महिन्यात मालकांकडे गेलो होतो. पाटी खिडकीत उभी केलेली, ऊन लागून कडेचे पापुद्रे सुटायला लागलेत. मी संग्रहालयाचा देणगीचा अर्ज सोबत नेला होता, त्यांची सही सोडून सगळं भरलेला. "ठेवून जा, बघतो," म्हणाले.

मी ठेवून आलो.