पाषाणच्या थंडीत कोकणची झाडं जगवताना

माझं माहेर दापोलीजवळचं, सासर पाषाणचं. घरामागे सव्वा गुंठा जागा आहे आणि तिचा उतार राम नदीकडे जातो. तीस वर्षांत माहेराहून जे जे आणता आलं ते तिथे लावलं: सुपारी, नारळ, जायफळ, नीरफणस, केळी. पपई आणि हापूसचं कलम इथलंच. या झाडांना पाऊस कमी पडला तर पाणी घालता येतं, ऊन जास्त झालं तर सावली करता येते. थंडीचा विचार मात्र फारसं कुणी करत नाही. ‘पुण्यात कुठे बर्फ पडतो’ म्हणून सोडून देतात.

बर्फ पडत नाही हे खरं. पण शिवाजीनगरच्या वेधशाळेत १७ जानेवारी १९३५ ला १.७ अंशांची नोंद आहे, आणि डिसेंबर २०१८ च्या शेवटी तिथेच पारा सहाच्या खाली उतरला होता. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंच, झडपांच्या पांढऱ्या पेटीत असतो. उघड्या गवतावर त्याच पहाटे आणखी दोन-चार अंश कमी भरतात. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवाचे थेंब गोठतात, तेव्हाही माणसाच्या उंचीवरची हवा बऱ्याचदा शून्याच्या वर असते. आणि केळी, पपई, नीरफणस यांना दुखवायला शून्य लागतच नाही. दहाच्या खाली सलग चार-पाच पहाटा गेल्या तरी पानांवर दिसतं.

२०१८ च्या त्या डिसेंबरात माझा नीरफणस गेला. दादाने मुळावर फुटलेलं पिल्लू मातीच्या गोळ्यासकट, गोणपाटात बांधून एसटीने आणलं होतं. चार वर्षांत ते माझ्या डोक्याच्या वर गेलं. थंडी वाढणार असं कळल्यावर मी त्याच्या पानोऱ्याला प्लास्टिकचा कागद गुंडाळला आणि खाली खोडाशी सुतळीने घट्ट आवळला, गाठोडं बांधतात तसा. सकाळी सोडलं तर कागदाला चिकटलेली सगळी पानं उकडल्यासारखी झाली होती, काळपट हिरवी आणि लिबलिबीत. आठवड्यात ती गळली. होळीपर्यंत शेंड्यापासून खाली साल सुकत बुंध्यापर्यंत आली. कापं करायची म्हणून लावलेलं झाड एकही फळ न देता गेलं, याचं मला फार वाईट वाटलं. माझं कुठे चुकलं ते कळायला पुढचे दोन हिवाळे लागले.

आपण गोधडीत शिरतो तेव्हा गोधडी आपल्या अंगाचीच ऊब धरून ठेवते. झाडाच्या अंगात अशी ऊब नसते. ती असते त्याच्या खालच्या जमिनीत, दिवसभराच्या उन्हाने साठलेली. रात्र निरभ्र असली की जमीन ती ऊब आभाळाकडे सोडत राहते. ढग असले तर त्यातली बरीच परत खाली येते, म्हणून ढगाळ रात्री झाडं निवांत असतात. पानंही आपली ऊब अशीच वर सोडतात, त्यामुळे उघड्यावरचं पान भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतं. मी खोडाशी गाठ मारली तेव्हा जमिनीची ऊब बाहेर ठेवली आणि पानं मात्र गार प्लास्टिकला चिकटवली. पांघरूण घालायचं ते झाडासकट त्याच्या बुडाची जमीन झाकण्यासाठी. बाकी सगळं यातूनच येतं.

आधी आपल्या जागेत गारवा कुठे साचतो ते बघा. वारा पडला की गार हवा जड होऊन उतारावरून पाण्यासारखी खाली येते आणि सखल भागात, भिंतीच्या आड तुंबते. मी दोन साधे तापमापक आणले आहेत. एक व्हरांड्यात टांगलाय, दुसरा उताराच्या टोकाला गुडघ्याएवढ्या उंचीवर, उघड्या आभाळाखाली. जानेवारीत सकाळी सातच्या सुमारास, म्हणजे सूर्य उगवताना, पारा सगळ्यात खाली असतो. एकदा व्हरांड्यात ९ होते आणि त्याच वेळी टोकाला साडेपाच. एवढ्याशा जागेत साडेतीन अंश! तेव्हापासून नाजूक झाड टोकाला लावायचं नाही हे ठरलं. खाली कुंपणाची भिंत असेल तर तिच्या तळाशी दोन-तीन विटांएवढी फट ठेवा, गार हवेला पुढे जायला वाट मिळते. दहाव्या मजल्यावरच्या गॅलरीत राहणाऱ्यांनी फार काळजी करू नये. अशा रात्री वरची हवा बहुतेक वेळा खालच्यापेक्षा उबदार असते.

कुंड्या असतील तर काम सोपं आहे. दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीला टेकवून ठेवा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला असतो, त्यामुळे ती भिंत दिवसभर तापते आणि रात्री ऊब देते. वर स्लॅब किंवा पत्रा असेल तर उत्तमच, कारण मग पानांना उघडं आभाळ दिसत नाही.

जमिनीतल्या झाडासाठी मी बांबूच्या तीन काठ्या झाडापेक्षा वीतभर उंच घेते, शेंड्याशी एकत्र बांधते आणि पाय पानोऱ्याच्या बाहेर रोवते. त्यावर माझ्या सासूबाईंचं सुती नऊवारी. सासूबाई गेल्यावर त्यांची चार लुगडी ट्रंकेत पडून होती. नऊवार लांबीचं लुगडं पुरुषभर उंचीच्या झाडाला वरून खाली दोन वेढे घेऊन पुरतं. कापड पानांना टेकू द्यायचं नाही, म्हणून काठ्या हव्यातच. काठ जमिनीपर्यंत आणून सगळीकडून विटा ठेवायच्या, कुठेही फट नको. जुनी चादर, गोणपाट काहीही चालेल. हिरवी शेडनेट मात्र एकेरी पुरत नाही, तिच्या भोकांतून ऊब निघून जाते. प्लास्टिकच वापरायचं असेल तर ते कापडाच्या बाहेरून, पानापासून लांब.

वेळेकडे लक्ष द्या. पांघरूण संध्याकाळी पाच-साडेपाचला घालायचं, जमीन अजून गरम असताना. रात्री जेवणं झाल्यावर आठवण येऊन घातलं तर निम्मी ऊब गेलेली असते. सकाळी ऊन अंगणात आलं की, साडेआठ-नऊला, काढून ठेवायचं म्हणजे जमीन पुन्हा तापेल. दिवसभर झाकून ठेवलेल्या झाडाखाली रात्रीसाठी काहीच साठत नाही. रोज घाला आणि रोज काढा, याला पर्याय नाही. पण अशा कडाक्याच्या रात्री एका हिवाळ्यात दहा-पंधराच येतात. संध्याकाळी आभाळ निरभ्र, वारा पडलेला आणि सहा वाजताच हातापायाला गारठा जाणवत असेल, तर ती त्यातली एक समजावी.

ओली जमीन कोरड्या भुसभुशीत जमिनीपेक्षा जास्त ऊब साठवते. म्हणून थंडीची लाट येणार असेल तर आदल्या दिवशी सकाळी आळ्यात पाणी द्यावं. निफाडकडचे द्राक्षबागायतदार पहाटे ठिबक चालू ठेवतात ते याच हिशेबाने. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी पहाटे हाताला कोमट लागतं, गच्चीवरच्या टाकीचं मात्र बर्फासारखं असतं. ते पहाटे अजिबात घालू नका. आणि पपईला जपून पाणी द्या. गार, चिखलट मातीत तिची मुळं कुजतात, वरवर भिजेल एवढंच तिला पुरे.

आळ्यात पालापाचोळ्याचा थर घालावा असं सगळे सांगतात. मुळांसाठी ते बरोबरच आहे. पण जाड थराखाली जमिनीची ऊब अडकते आणि वरची पानं जास्त गारठतात. मी लाटेच्या दिवसांत पाचोळा सकाळी बाजूला ओढते, उघड्या मातीला ऊन खाऊ देते आणि लाट ओसरली की परत सारते.

नाजूक रोपाला लुगड्याच्या आत पाण्याने भरलेला ड्रम ठेवला तर फार उपयोग होतो. दिवसा तो उन्हात तापू द्यावा. २०० लिटर पाणी रात्रभरात पाच अंशांनी उतरलं तर त्यातून एका युनिट विजेहून थोडी जास्त ऊब बाहेर पडते, म्हणजे १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब दहा तास जळावा तेवढी. बल्बच लावायचा तर तो जुनाच हवा, एलईडी फारशी ऊब देत नाही. तो कापडापासून हातभर लांब ठेवायचा, आणि पाण्यापासून सांभाळूनच.

शेकोटीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: शहरात नको. धुराने झाडावर पांघरूण पडतं असा समज आहे, पण धुराचे कण इतके बारीक असतात की वर जाणारी ऊब त्यांच्याने अडत नाही. उपयोग होतो तो आगीच्या उष्णतेचा, आणि शेजारच्या आजोबांना मात्र रात्रभर खोकला लागतो.

आता नारळ-सुपारीचं. आंब्याची एक फांदी गेली तर दहा डोळे फुटतात. माडाला एकच डोळा, शेंड्याच्या गाभ्यात. तो गेला की झाड गेलं. मोठ्या माडाला पुण्याच्या थंडीत सहसा काही होत नाही, फळगळ होते आणि खालच्या झावळ्या पिवळ्या पडतात तेवढंच. जपायचं ते पहिल्या चार-पाच वर्षांत. अरेका, बॉटल पाम असे शोभेचे पामही नाजूकच. सगळ्या झावळ्या वर गोळा करून सैल बांधायच्या, म्हणजे त्या एकमेकींना आणि मधल्या कोंबाला झाकतात. बाहेरून गोणपाट गुंडाळायचं. शेंड्यात पाणी साचू द्यायचं नाही. माझी एक सुपारी मी याच चुकीने घालवली. रोज संध्याकाळी धूळ धुवायची म्हणून वरून पाइपने पाणी मारत होते, ते गाभ्यात बसलं आणि थंडीत कोंब कुजला. मधली मिटलेली झावळी दोन बोटांत धरून हळूच ओढून बघा. घट्ट असेल तर ठीक. अलगद हातात आली आणि बुडाला आंबूस वास आला तर गाभा कुजायला लागलाय.

दुसऱ्या सुपारीला असंच झालं तेव्हा मात्र थांबले नाही. कुजलेलं स्वच्छ कोयत्याने निरोगी पांढऱ्या भागापर्यंत काढलं आणि एक टक्का बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक, ओतलं. १० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, १० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यांत वेगवेगळं विरघळवून मग गाळून एकत्र करायचं. त्यात चकचकीत लोखंडी पातं मिनिटभर बुडवावं. त्यावर तांबूस थर आला तर चुना थोडा वाढवायचा. मिश्रण त्याच दिवशी वापरावं. वर फुटका माठ पालथा घालून ठेवला, पाणी जाऊ नये म्हणून. वैशाखात कोंब आला, अर्धवट तुटका आणि चुरगळलेला. पुढच्या दोन झावळ्याही वाकड्याच होत्या. चौथी सरळ आली, त्या दिवशी मी दादाला फोन केला.

केळीची वाळलेली पानं हिवाळ्यात काढू नका, ती खोडाभोवती लोंबू द्या. घड बाहेर पडलेला असेल तर त्याच वाळक्या पानांनी आणि वर गोणपाटाने झाका. थंडीत नवा पोंगा, म्हणजे गुंडाळलेलं कोवळं पान, जवळजवळ थांबतो आणि घड खोडाच्या गळ्यातच अडकतो, त्यावर उपाय नाही. म्हणून लावताना जूनमध्ये लावावी, म्हणजे थंडीआधी खोड दणकट होतं. पपईला थंडीत लागलेली काही फळं वेडीवाकडी, चुण्या पडलेली निघतात. तो रोग नसतो, गारठ्यात फुलाची घडणच बिघडते. ती लहान असतानाच खुडावीत.

आणि मोठ्या आंब्याला झाकायला जाऊ नका, त्याला थंडी हवीच असते, मोहोर तिच्यामुळेच येतो. नवीन कलम मात्र पहिले दोन हिवाळे झाकावं. पेरू, चिकू, शिंदी यांची काळजी नको.

तयारी दसऱ्यालाच सुरू होते. त्यानंतर युरिया किंवा कोंबडीखत घालायचं नाही, नाहीतर कोवळी फूट येते आणि सगळ्यात आधी तीच जळते. मी भाद्रपदात शेणखत आणि निंबोळी पेंड घालते, पालाशही त्याच वेळी, आणि मग थांबते.

एवढं करूनही काही पानं करपतील. ती लगेच कापू नका, कितीही वाईट दिसली तरी. करपलेलं पान खालच्या डोळ्यांना झाकतं, आणि कापलं तर नवी फूट पौषातच निघून पुन्हा मार खाते. होळी होईपर्यंत थांबा. मग नखाने साल खरवडून बघा. आत हिरवं दिसलं तर तिथपर्यंत फांदी जिवंत आहे, त्याच्या बोटभर वर कापा. माडाची झावळी मात्र पूर्ण वाळल्याशिवाय काढायचीच नाही, निम्मी हिरवी असली तरी ती झाडाला पोसत असते.

होळीनंतर लुगडी धुऊन, कडकडीत उन्हात वाळवून, घडीत कडुनिंबाचा पाला घालून मी परत ट्रंकेत ठेवते. यंदा त्यातलं एक काठाशी विरलंय, त्याला आतून जुन्या चादरीची पट्टी लावायची आहे. जायफळ आता छातीएवढं झालंय, पुढच्या थंडीत त्याला दोन लुगडी लागतील.