इव्हेंट बदलणाऱ्या टूलचं वर्णन लिहिताना

एआय एजंट, म्हणजे आपल्यासाठी कामं करणारा एआय, टूल कसं वापरायचं ते त्याच्या वर्णनावरून ठरवतो. म्हणून कॅलेंडरच्या टूलला ‘इव्हेंट बदलतो’ एवढंच वर्णन पुरत नाही. गुगल कॅलेंडरच्या एपीआयमध्ये (दुसऱ्या प्रोग्रॅमला कॅलेंडर वापरू देणाऱ्या जोडणीत) ‘पॅच’ ही बदल करणारी कमांड फक्त पाठवलेली फील्ड्स (वेळ, निमंत्रितांची यादी असे रकाने) बदलते, पण फील्डमध्ये यादी असेल तर ती अख्खी बदलली जाते. पाच जणांच्या मीटिंगमध्ये सहावा घालायला एजंटने एकच ईमेल पाठवला, की आधीचे पाचही गायब! म्हणून वर्णनातच लिहा: ‘आधी इव्हेंट वाच, जुन्या यादीत नवा ईमेल जोड, मग पूर्ण यादी पाठव.’

दर सोमवारच्या मीटिंगचा एकच सोमवार हलवायचा तर त्या दिवसाच्या मीटिंगचा आयडी (ओळख क्रमांक) लागतो. मालिकेचा आयडी दिला तर सगळेच सोमवार हलतात. वर्णनात वेळेचं उदाहरण ऑफसेटसकट, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेपासूनच्या फरकासकट, द्या. भारतातले दुपारचे ४ म्हणजे १६:००:००+०५:३०. नुसतं ‘४ वाजता’ नको.