रोजच्या चांगुलपणाची सवय लावताना या चुका टाळा

रोज कोणासाठी तरी एखादे लहानसे चांगले काम करायचे, असा निश्चय करणारी माणसे मी बरीच वर्षे जवळून पाहत आलो आहे आणि तो निश्चय नेमका कुठे मोडणार, याचा अंदाज आता आधीच येऊ लागला आहे. मन कोते असल्यामुळे तो मोडला, असे क्वचितच आढळते. सगळे लक्ष स्वतःच्या चांगुलपणावर राहते आणि ज्याच्यासाठी काम करायचे तो माणूस मात्र बाजूलाच राहतो, हे बहुतेकांच्या अपयशाचे कारण असते.

माझ्या दृष्टीने सर्वांत त्रासदायक चूक म्हणजे ‘काही लागले तर नक्की सांगा’ हे वाक्य. बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो, याबद्दल शंका नाही. परंतु काय मागावे याचा विचार करणे, ते मागणे आणि मागताना ओशाळणे, हे तिन्ही कष्ट या वाक्यामुळे अडचणीतल्या माणसाच्याच पदरी पडतात. माझ्या एका सहकाऱ्याचे वडील दीर्घकाळ रुग्णालयात होते, तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण निघताना हे वाक्य न चुकता बोलत असे. सहकारी मान डोलावत असे, पण त्याने कोणालाही कधी फोन केला नाही. रात्रीच्या जागरणाला येता का, असे विचारणे म्हणजे समोरच्याला कोंडीत पकडणे, असे त्याला वाटे. अखेर हिशेब विभागातील, त्याच्याशी फारशी ओळखही नसलेल्या एक बाई आल्या आणि म्हणाल्या, “शनिवारी रात्री माझे यजमान इथे थांबायला मोकळे आहेत. चालेल का? तुम्ही घरी जाऊन झोपा आणि रविवारी सकाळी आठला परत या.” त्याला फक्त ‘हो’ किंवा ‘नको’ एवढेच म्हणायचे होते. तो ‘हो’ म्हणाला आणि कित्येक आठवड्यांनी रात्रभर सलग झोपला. इतके दिवस येऊन गेलेल्या हितचिंतकांपैकी एकालाही हे सुचले नव्हते, याचा मला आजही राग येतो.

त्यामुळे कोणती मदत, कोणत्या दिवशी आणि किती वाजता, या तीन गोष्टी सांगता येत नसतील तर मी मदतीची भाषाच करत नाही; थोडा वेळ शेजारी बसतो आणि उठतो.

दुसरी चूक आकड्यांच्या हव्यासाची आहे आणि उतावळे नवशिके हमखास तिच्यात सापडतात. ‘२१ दिवसांत सवय लागते’ हे वाक्य त्यांना कोणीतरी ऐकवलेले असते. या आकड्याचा उगम सामान्यतः मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या लेखनात सांगितला जातो आणि त्याचे मूळ निरीक्षण रुग्णांना आपल्या बदललेल्या रूपाची सवय होण्यास किमान सुमारे २१ दिवस लागतात, एवढ्यापुरते होते. पुढे लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या साध्या दैनंदिन सवयींचा अभ्यास केला, तेव्हा सवय लागण्याच्या कालावधीचा मध्यक (निम्म्यांना त्याहून कमी, निम्म्यांना जास्त) ६६ दिवसांचा निघाला आणि व्यक्तीव्यक्तींतील अंतर तर १८ पासून २५४ दिवसांपर्यंत पसरलेले होते. तो अभ्यास खाण्यापिण्याच्या आणि व्यायामाच्या सवयींचा होता, हेही ध्यानात ठेवावे. रोज वेगळ्या माणसाशी आणि वेगळ्या प्रसंगाशी गाठ असते, तिथे कृती यांत्रिकपणे अंगवळणी पडणार नाही. अंगवळणी पडू शकते ते क्षणभर थांबून आजूबाजूला पाहणे.

आकडा डोक्यात बसला की काय होते, ते आमच्याच कार्यालयात पाहायला मिळाले. एका उत्साही तरुणाने तीस चौकटींचा तक्ता भिंतीवर लावला आणि रोज एकाचे कौतुक करायचे ठरवले. पहिला आठवडा झकास गेला. नंतर दिवसभरात राहून गेलेले कौतुक रात्री अकराला मोबाइलवरून जाऊ लागले आणि मग वेळ वाचवण्यासाठी एकच मजकूर नाव बदलून सर्वांना जाऊ लागला. एके दिवशी दोघींनी आपापले संदेश शेजारी शेजारी धरून पाहिले. दोघींच्या कामातील ‘बारकावे टिपण्याची दृष्टी’ त्याला सारखीच भावली होती, आणि त्यांतली एक तर त्या आठवड्यात रजेवर होती! तक्ता मात्र पूर्ण भरला. अशा तक्त्यांविषयी माझे मत तेव्हापासून कायमचे वाईट आहे. मी कामाचा संगणक बंद करण्यापूर्वी त्या दिवशी कोणाच्या कोणत्या कामामुळे माझे काम सोपे झाले, ते आठवतो आणि त्या व्यक्तीला ते काम नेमके सांगून आभार कळवतो. कोणी आठवले नाही तर कोणालाच कळवत नाही. एखादा दिवस हुकल्याने काही बिघडत नाही. लॅली यांच्या अभ्यासातही एखादी संधी चुकल्याने सवय लागण्यात विशेष फरक पडला नव्हता.

घाईबद्दल फार कमी लोक बोलतात. प्रिन्स्टन येथे धर्मशास्त्राच्या ४० विद्यार्थ्यांवर जॉन डार्ली आणि डॅनिएल बॅटसन यांनी केलेला प्रयोग १९७३ साली प्रसिद्ध झाला. एका इमारतीतून दुसरीकडे भाषणासाठी जाताना वाटेत कण्हत बसलेला माणूस त्यांना दिसेल, अशी व्यवस्था केलेली होती. भरपूर वेळ असलेल्यांपैकी ६३ टक्के विद्यार्थ्यांनी मदत केली, तर उशीर झाल्याचे ज्यांना सांगितले होते त्यांच्यापैकी केवळ १० टक्क्यांनी. त्यांतील काही जण तर बायबलमधील चांगल्या शोमरोन्याच्या, म्हणजे वाटेत जखमी पडलेल्या अनोळखी माणसाला मदत करणाऱ्या प्रवाशाच्या गोष्टीवरच बोलायला निघाले होते, पण त्याने लक्षणीय फरक पडला नाही. म्हणून सद्विचारांचे वाचन वाढवण्यापेक्षा मी घरातून दहा मिनिटे लवकर निघणे पसंत करतो. दिवसाची प्रत्येक मिनिट विकून टाकलेल्या माणसाने चांगुलपणाचा संकल्प करू नये, आधी एखादे काम कमी करावे.

न विचारता केलेली मदत हीदेखील एक चूकच आहे. दृष्टिहीन व्यक्तीचा दंड धरून तिला ओढत नेणे, चाकाची खुर्ची परस्पर ढकलणे, अडखळत बोलणाऱ्याचे वाक्य आपणच पुरे करणे, यांतून समोरच्याच्या हातातले नियंत्रण काढून घेतले जाते. दृष्टिहीन व्यक्तीला आधी विचारावे आणि ती हो म्हणाली तर आपले कोपर धरायला द्यावे. अडखळणाऱ्याच्या बाबतीत तर करण्यासारखे एकच असते, शांतपणे थांबणे; तेवढेही अनेकांना जमत नाही.

मदतीचे छायाचित्र काढू नये. आभाराची वाट पाहू नये. बाहेर अनोळखी माणसांशी गोड वागून घरात खेकसणाऱ्यांनी निदान पहिले काही महिने घरापासूनच सुरुवात करावी. ‘एवढ्याशा गोष्टीने काय होणार’ या संकोचाने थांबू नये; अमित कुमार आणि निकोलस एपली यांच्या २०२२ सालच्या संशोधनात, आपल्या लहान कृतीचा समोरच्याला किती आनंद होईल हे करणाऱ्यांनी सातत्याने कमी लेखल्याचे दिसले आहे.

आणि उत्तर ‘नको’ असे आले, तर ते एकदाच ऐकावे. ‘संकोच करू नका’ असा आग्रह धरणाऱ्यांपुढे माणसे शेवटी कंटाळून हो म्हणतात आणि पुढच्या खेपेस त्यांना टाळू लागतात. मी ‘बरे, पुन्हा कधी वाटले तर मी गुरुवारी याच वेळी इथे असतो’ एवढे सांगून निघतो आणि गुरुवारी खरोखरच तिथे असतो.