कॅल्शियम फ्लोराइड बनवताय? या चुका टाळा

सोडियम फ्लोराइड आणि कॅल्शियम क्लोराइड एकत्र केलं की पांढरा साका पडतो, झालं काम! पुण्यात बी.एस्सी.च्या मुलांचे प्रयोग घेताना ही समजूत मला दरवर्षी भेटते. साका पडणारच, कॅल्शियम फ्लोराइड पाण्यात लिटरला जेमतेम 16 मिलिग्रॅम विरघळतं. पण तो गाळणकागदावर थांबायला हवा ना?

एका मुलाने दोन्ही द्रावणं थंड आणि घट्टच ठेवली, एकमेकांत भसकन ओतली आणि लगेच गाळायला घेतली. खाली दुधासारखं पाणी आलं. मग दुहेरी कागद, मग नवा कागद, तरी तेच. दोष कागदाचा नव्हता. घाईत पडलेल्या साक्याचे कण इतके बारीक असतात की ते कागदातून सरळ निघून जातात.

माझी पद्धत अशी. 8.4 ग्रॅम सोडियम फ्लोराइड अर्धा लिटर पाण्यात विरघळवायचं. कमी पाण्यात भागवू नका. ते मिठासारखं सढळ विरघळत नाही, 100 मिलिलिटरमध्ये साधारण 4 ग्रॅमच. दुसरीकडे पाण्याचे दोन रेणू असलेलं कॅल्शियम क्लोराइड 15 ग्रॅम, म्हणजे गरजेपेक्षा किंचित जास्त. त्याचं पाण्यातलं द्रावण गरम ठेवून, ढवळत, त्यात फ्लोराइडचं द्रावण थेंबाथेंबाने सोडायचं. नंतर वॉटर बाथवर, म्हणजे गरम पाण्याच्या भांड्यावर, तासभर, आणि रात्रभर तसंच झाकून. सकाळी वरचं पाणी नितळ दिसलं तरच गाळायचं. रात्र वाचवायची युक्ती मला विचारू नका. हाती साडेसात ग्रॅमच्या आसपास आलं तर उत्तम.

त्याच मुलाने पुढे हायड्रोक्लोरिक आम्लाची बाटली उचलली. बेरियम सल्फेटचा साका आम्लात पाडतात, मग हाही बसेल, असा त्याचा हिशेब. मी बाटली हातातून काढून घेतली. फ्लोराइडमध्ये आम्ल गेलं की हायड्रोजन फ्लोराइड तयार होतं. ते काच खातं, कातडीतून आत शिरतं आणि शरीरातलं कॅल्शियम पकडतं. सौम्य असेल तर वेदना काही तासांनी सुरू होतात, म्हणून माणूस गाफील राहतो. या प्रयोगाच्या टेबलावर आम्लाची बाटलीच नको. अशा वेळी कातडीवर लावायचं कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल जवळ नसेल तर मी प्रयोग सुरूच करू देत नाही. जेल लावलं तरी डॉक्टरकडे जायचंच. शिवाय सोडियम फ्लोराइड स्वतःच विषारी आहे; हातमोजे आणि चष्मा हवाच.

बोअरचं पाणी वापरू नका. त्यातल्या कॅल्शियममुळे फ्लोराइडचं द्रावण आधीच गढूळ होतं.

जुलैत कॅल्शियम क्लोराइडची बाटली उघडी ठेवली की ते हवेतलं पाणी पिऊन चिकट होतं. मग तराजूवरचे 15 ग्रॅम हे 15 ग्रॅम नसतात.

फ्लोराइडचं द्रावण काचेच्या बाटलीत साठवू नका, प्लास्टिकची घ्या.

गाळलेला साका पाण्याने धुणं मात्र बहुतेकजण अर्धवट सोडतात. गाळून आलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाका. पांढरट झालं तर क्लोराइड अजून आहे, पुन्हा धुवा. सिल्व्हर फ्लोराइड पाण्यात विरघळतं, त्यामुळे फ्लोराइड इथे फसवत नाही. पाणी स्वच्छ राहिलं की साका 110 अंशांवर वाळवा. लवकर वाळावं म्हणून भट्टीत लाल करू नका. दमट हवेत तितक्या उष्णतेला त्याचा काही भाग कॅल्शियम ऑक्साइड होतो आणि हायड्रोजन फ्लोराइड बाहेर पडतं.