हेडलाइटचा बल्ब घरीच बदलताय? आधी हातातली अंगठी काढा

"बाराच व्होल्ट तर आहेत, कसला शॉक बसतोय" असं म्हणणारे आमच्या पार्किंगमध्ये निदान चार जण आहेत आणि काही वर्षांपूर्वी मीही त्यातलाच होतो. शॉक बसत नाही हे खरंय, कोरड्या हाताला बारा व्होल्ट कळत पण नाहीत. पण तीच बॅटरी शॉर्ट झाली की शेकडो अँपिअर सोडते, आणि मधे तुमचा पाना किंवा अंगठी आली तर ती बघता बघता लालबुंद. भीती भाजायची आहे, कधीकधी आग लागायची. म्हणून अंगठी, कडं, स्टीलच्या पट्ट्याचं घड्याळ सगळं काढून वर घरी ठेवून या.

आधी बल्बच गेलाय ना ते बघा. गाडी भिंतीसमोर लावून लाइट लावायचा. एका बाजूचाच गेलाय तर बहुतेक बल्ब. दोन्ही बाजू एकदम गेल्या तर फ्यूज किंवा रिले (लाइटचा करंट चालू-बंद करणारा स्विच) बघा, दोन बल्ब एकाच क्षणी सहसा उडत नाहीत. एच-फोर बल्बमध्ये दोन फिलामेंट असतात त्यामुळे डिपर (खाली पडणारा प्रकाश) गेला तरी अप्पर (लांब पडणारा) चालू राहतो, तेवढ्यावर दिवस ढकलू नका, समोरच्याच्या डोळ्यात मारत फिराल. फ्यूज उडाला असेल तर जेवढ्याचा होता तेवढ्याचाच घालायचा, लाल 10 अँपिअरचा, निळा 15, पिवळा 20. आणि फ्यूजच्या जागी वायर किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी घालू नका, मग फ्यूजच्या ऐवजी वायरिंग जळतं.

आता काम. लाइट बंद, इंजिन बंद, किल्ली खिशात (गाडीत ठेवू नका). बल्ब नुकताच चालू असेल तर पंधरा मिनिटं थांबा, हॅलोजनची काच काहीशे डिग्री तापते, तोवर वर जाऊन चहा पिऊन या. मग बॅटरीचा निगेटिव्ह काढायचा, बहुतेक गाड्यांना दहा नंबरचा पाना लागतो. काही लोक म्हणतील बल्बसाठी एवढं कशाला, पण छोट्या गाड्यांमध्ये बॅटरी अगदी हेडलाइटच्या मागेच बसवलेली असते आणि हात तिथूनच आत घालावा लागतो. निगेटिव्हच आधी का, तर गाडीची बॉडी म्हणजेच निगेटिव्ह, पाना बॉडीला टेकला तरी काही होत नाही. उलट पॉझिटिव्ह आधी काढायला गेलात आणि पाना बॉनेटखालच्या पत्र्याला लागला की ठिणग्या. जोडताना निगेटिव्ह सगळ्यात शेवटी. घड्याळाची वेळ नंतर परत लावावी लागेल, एवढंच.

होल्डर (बल्बच्या पिनांवर मागून बसणारा वायरचा प्लग) ओढताना वायर धरून ओढायचं नाही, होल्डरलाच धरून थोडं हलवत काढा. मग मागचं रबरी झाकण, मग बल्ब धरून ठेवणारी स्प्रिंगची क्लिप. नवा बल्ब फक्त धातूच्या कडेला धरायचा. काचेला बोटाचं तेल लागलं की तेवढीच जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. लागलंच बोट तर मेडिकलमधलं स्पिरिट घेऊन कापसाने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. चुकून पडून फुटला तर आतला गॅस दाबाखाली असतो, काचा उडतात, त्यामुळे चष्मा घातलेला बरा. बल्बच्या धातूच्या कडेवरच्या कानांची ठेवण अशी असते की तो एकाच पद्धतीने बसतो, बसत नसेल तर ठोकू नका, फिरवून बघा.

आता माझी फजिती. पुण्यात नाना पेठेत स्पेअरच्या दुकानांची रांग आहे, तिथे एकाने "साहेब शंभर-नव्वद वॉटचा टाका, कात्रज घाटात दिवसासारखं दिसेल" म्हणून गळ्यात मारला आणि मी घेतला. कंपनीचा असतो 60/55 वॉटचा (अप्पर 60, डिपर 55), म्हणजे अप्परला साधारण पाच अँपिअर. शंभर वॉटला आठच्या वर. आता ऐकायला तीनच जास्त वाटतात, पण ढिल्या पिनवरची उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे पावणेतीन पट. दोन महिन्यांनी घाट उतरताना प्लॅस्टिक जळल्याचा वास आला, बॉनेट उघडलं तर होल्डर तपकिरी होऊन पिनेला चिकटलेला, बल्ब मात्र धडधाकट! मोठ्या वॉटचे बल्ब नियमातही बसत नाहीत, आणि खरं तर हेडलाइटची बाहेरची काच पिवळी पडली असेल तर आधी ती पॉलिश करून घ्या, फरक तिथेच पडतो.

म्हणून जुना बल्ब काढलात की होल्डरच्या आत टॉर्च मारून बघा. पिना हिरवट-पांढरट, प्लॅस्टिक कडक किंवा करपलेलं असेल तर नवा बल्ब घालून उपयोग नाही, होल्डर बदला, सिरॅमिकचा मिळतो. पावसाळ्यात रबर नीट बसवा नाहीतर आत पाणी साचतं आणि पिना गंजतात.

एक अपवाद: गाडीला कंपनीचे झेनॉन (फिलामेंट नसलेले, गॅसवर पेटणारे बल्ब) असतील तर वरचं सगळं विसरा आणि वर्कशॉपला न्या. तो बल्ब पेटताना वीस हजार व्होल्टच्या वर जातो, तिथे बाराच व्होल्टची गोष्ट नाही.

सगळं झालं की भिंतीवर दोन्ही बाजू बघा, डिपर, अप्पर दोन्ही. मग रात्री अर्धा तास गाडी चालवून या, लाइट आणि इंजिन बंद करा आणि लगेच होल्डरला मागून हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक, बोट ठेववत नसेल तर पिन अजून ढिली असू शकते.