गोल फोटो कापताना या चुका टाळा

दारव्ह्याजवळच्या एका शाळेची ओळखपत्रं मी सी शार्पमध्ये लिहिलेल्या छोट्याशा प्रोग्रामवर बनवतो. पहिल्या वर्षी गुरुजींनी कार्ड उन्हात धरलं आणि म्हणाले, "हे काऊन गा उंदरानं कुरतडल्यावानी दिसून राहिलं?" फोटोच्या गोल कडेबद्दल बोलत होते.

त्यात अर्धी चूक मापाची होती. कार्ड ८५.६ × ५४ मिमी. ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरले तर, त्याचे साधारण १०११ × ६३८ पिक्सेल लागतात, आणि मी बिटमॅप स्क्रीनच्या ९६ डीपीआयवर काढला होता. पण मापं सुधारली तरी स्क्रीनवर दाते दिसतच राहिले.

खरा घोळ क्लिपचा, म्हणजे आकाराबाहेरचं चित्र झाकणाऱ्या हद्दीचा. ग्राफिक्सपाथमध्ये अॅडएलिप्सने वर्तुळ टाकायचं, सेटक्लिप, मग ड्रॉइमेज, असं जवळपास सगळेच करतात. कड दातेरी आली की स्मूदिंगमोड अँटीअलायस करून बघतात. मीही रात्री लाइन आल्यावर दोन वाजेपर्यंत तेच बदलत बसलो होतो. त्याने काहीच होत नाही. जीडीआय प्लस, म्हणजे सी शार्प ज्यावर चित्र काढतं ती विंडोजची लायब्ररी, तिचं क्लिप प्रत्येक पिक्सेलला आत की बाहेर एवढंच विचारतं, अर्धामुर्धा पिक्सेल त्याला ठाऊक नाही. स्मूदिंग लागतं ते रेघ ओढताना आणि आकार भरताना. म्हणून फोटो कापूच नका, फोटोने वर्तुळ भरा. फोटोचा टेक्श्चरब्रश बनवा, स्मूदिंग चालू ठेवा आणि फिलपाथ करा. कड मऊ येते.

या ब्रशची एक खोड आहे. तो फोटो फरशीसारखा मांडत जातो, तोही कॅनव्हासच्या वरच्या डाव्या कोपऱ्यापासून. वर्तुळ कार्डाच्या मध्ये असलं की पोराची हनुवटी वर आणि भांग खाली, असा अवतार होतो. ट्रान्सलेटट्रान्सफॉर्मने ब्रश वर्तुळाच्या जागी न्या, मग स्केलट्रान्सफॉर्मने मापात आणा. क्रम हाच ठेवा. आधी स्केल केलं तर सरकवलेलं अंतरही त्याच पटीत बदलतं.

चौकोनी चौकटीला क्लिप बिनघोर वापरा, पण आधी ग्राफिक्सची स्थिती सेव्ह आणि काम झालं की रिस्टोर. विसरलात तर क्लिप तशीच राहते, चौकटीबाहेर पुढे लिहिलेलं नाव आणि वर्ग छापलेच जात नाहीत, आणि एररही येत नाही. जावा भाषेच्या जावा टूडीतही गोल क्लिपची कड अशीच दातेरी येते, तिथे या ब्रशच्या जागी टेक्श्चरपेंट आहे. स्विंगच्या (जावात खिडक्या-बटणं बनवायची लायब्ररी) पेंटकॉम्पोनंटमध्ये सेटक्लिप तर नकोच. ते स्विंगने आखलेली हद्द पुसून टाकतं. क्लिप ही मेथड जुन्या हद्दीच्या आतच राहते.

कोपरे काळे आले तर प्रोग्राम तपासत बसू नका. फाइल जेपीजीत सेव्ह झाली असेल. जेपीजीत पारदर्शकता नसते, पीएनजी करा.

उभा फोटो गोलात बसवताना वरून-खालून दाबला की चेहरे भोपळ्यासारखे होतात. त्यातून चौकोन काढा, आणि तोही मधून नाही, थोडा वरून. नाहीतर केस उडतात.

मोबाइलवरचे फोटो आडवे येणं नेहमीचंच. फोन चित्र फिरवत नाही, दिशेची फक्त नोंद ठेवतो, आणि इमेज फ्रॉमफाइल ती बघत नाही. ती नोंद, म्हणजे प्रॉपर्टी क्रमांक २७४, वाचा आणि रोटेटफ्लिप करा. मात्र ब्रश बनवायच्या आधी. नंतर फिरवलं तर ब्रशमध्ये जुना आडवाच फोटो राहतो.