डेंड्राइटमधलं प्रोटीन: सेमिनारला उभं राहण्याआधी या चुका टाळा

इथे बडोद्यात एमएस्सीची मुलं न्यूरॉनमध्ये (मेंदूतल्या चेतापेशीत) जागच्या जागी प्रोटीन कसं बनतं हा टॉपिक घेऊन सेमिनारची तयारी करायला लागली की फिरून फिरून त्याच चुका दिसतात, म्हणून एकदाच लिहून टाकते.

पहिली आणि सगळ्यात मोठी, डेंड्राइटमध्ये, म्हणजे न्यूरॉनच्या सिग्नल घेणाऱ्या फांद्यांमध्ये, एमआरएनएचे (प्रोटीन बनवायच्या निरोपाच्या प्रतींचे) ठिपके दिसले म्हणजे तिथे प्रोटीन बनतंय असं धरून चालणं. अहो, तो एमआरएनए ग्रॅन्यूलमध्ये (छोट्या गाठोड्यात) बांधून, गप्प करूनच तिकडे पाठवलेला असतो, त्याच्यावर एफएमआरपीसारखी, ट्रान्सलेशन (एमआरएनए वाचून प्रोटीन बनवणं) रोखणारी प्रोटीन्स बसलेली असतात आणि सिनॅप्सला (दोन न्यूरॉनच्या जोडाला) सिग्नल आला की मग त्यांची पकड सुटते. त्यामुळे फ्रॅजाइल एक्स या आनुवंशिक आजारात, म्हणजे एफएमआरपीच्या जीनमधले सीजीजी रिपीट (पुन्हा पुन्हा येणारी सीजीजी ही डीएनएची अक्षरं) २०० च्या वर जाऊन एफएमआरपी बनायचंच थांबतं तेव्हा, बरीच प्रोटीन्स कमी नाही, उलट जास्त बनतात. हे उलटं लिहिणारे दरवर्षी भेटतात.

दुसरी गडबड फॉस्फेटची. प्रोटीनला फॉस्फेट लागला की काम चालू, असं पाठ करून येतात. आता बघा, एमटॉर या एन्झाइमने ४ई-बीपी या रोखणाऱ्या प्रोटीनला फॉस्फेट लावला की ते ईआयएफ४ई ला (ट्रान्सलेशन सुरू करणाऱ्या प्रोटीनला) सोडतं आणि ट्रान्सलेशन वाढतं, पण ईआयएफ२-अल्फा या ट्रान्सलेशन सुरू करायला लागणाऱ्याच दुसऱ्या प्रोटीनला फॉस्फेट लागला की एकूण ट्रान्सलेशन कमी होतं आणि एटीएफ४ सारखे थोडे एमआरएनए मात्र उलट जास्त वाचले जातात. कोणाला लागला ते आधी सांगा, मग बाण काढा.

तिसरी, अ‍ॅनिसोमायसिन हे प्रोटीन बनणं थांबवणारं औषध टाकलं, इफेक्ट गेला, म्हणून लगेच "लोकल" (प्रोटीन डेंड्राइटमध्येच बनलं) म्हणून मोकळं व्हायचं! ते औषध तर सेल बॉडीतलं (न्यूरॉनच्या मुख्य भागातलं) प्रोटीनही थांबवतं ना. १९९६ मध्ये कांग आणि शूमन यांनी उंदराच्या हिप्पोकॅम्पसच्या स्लाइसमध्ये सिनॅप्सचा भाग सेल बॉडीपासून कापून वेगळा केला, तरीही बीडीएनएफ या न्यूरॉनच्या वाढीला मदत करणाऱ्या प्रोटीनने सिनॅप्स मजबूत झाले आणि त्याला नवं प्रोटीन लागतच होतं, तेव्हा कुठे लोकल म्हणता आलं.

पॉलिसोम (एकाच एमआरएनएवर बसलेले अनेक रायबोसोम, म्हणजे प्रोटीन बनवणारी यंत्रं) दिसत नाहीत म्हणून ट्रान्सलेशन नाही, हेही लिहू नका, सिनॅप्सजवळ एकेकटे रायबोसोमही बरंच काम करतात.

आणि प्युरोमायसिन लेबलिंग (बनत्या प्रोटीनच्या साखळीला प्युरोमायसिन हे औषध जोडून खूण करणं) केलं असेल तर जिथे सिग्नल दिसला तिथेच प्रोटीन बनलं हे ठामपणे बोलू नका, कारण प्युरोमायसिन लागलेली अर्धवट साखळी रायबोसोमवरून सुटते आणि सरकते. वेळ कमी ठेवा, आणि आधी अ‍ॅनिसोमायसिन दिलेला कंट्रोल स्लाइडवर दाखवा, नाहीतर पहिला प्रश्न तोच येणार.